दणकट फिक्स्ड ब्लेड सुऱ्या: पाव इंच जाडी खरंच लागते का?

दऱ्याखोऱ्या

जंगलात न्यायला दणकट फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारी, सुरी घ्यायची म्हटलं की पहिली चर्चा जाडीची होते. पाव इंच जाडीचं पातं म्हणजे भक्कम, ते मोडणार नाही, म्हणून तेच घ्यावं, असं बरेच जण धरून चालतात. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितोय. तुम्ही वापरलेल्या सुऱ्यांबद्दल लिहा आणि माझं म्हणणं चुकीचं वाटलं तर खोडून काढा.

का-बार कंपनीच्या बेकर मालिकेतल्या बीके२ आणि बीके९ या सुऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हींचं पोलाद एकच, १०९५ क्रो-व्हॅन. मूठही जवळपास सारखीच. बीके२चं पातं ५.२५ इंच लांब आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी जाड. बीके९चं पातं ९ इंच लांब, पण जाडी ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिमी. वजन दोन्हींचं साधारण सारखंच भरतं, अर्ध्या किलोच्या थोडं आत. म्हणजे जवळपास तेवढंच पोलाद एकीत जाडीत घातलंय आणि दुसरीत लांबीत.

आता मनगटाएवढी फांदी छाटायला घ्या. बीके९चं वजन मुठीपासून लांब आहे, त्यामुळे घावाला आपोआप जोर येतो आणि पातं पातळ असल्याने लाकडात खोल जातं. बीके२चं वजन मुठीजवळ. घाव घालताना सगळा जोर मनगटाने द्यावा लागतो आणि पातं लाकडात थोडं शिरलं की तिथेच अडतं. छाटणी सोडा, बारीक कामातही तेच. फेदरस्टिक करताना, म्हणजे काठीवर कुरळ्या ढलप्या सोडवताना, जाड पातं ढलपी उचलण्याऐवजी तोडून टाकतं.

जाडीचा फायदा कुठे होतो? पातं वाकण्यात. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६.३५ मिमीचं पातं ४.७६ मिमीच्या पात्यापेक्षा सुमारे २.४ पट ताठ. फट उचकटायची, टोकाने खणायचं, एखादी अडकलेली वस्तू उपसून काढायची, तर हा ताठपणा कामाला येतो. पण रानात ही कामं किती वेळा निघतात? लाकूड चिरणं, दोर कापणं, विस्तव पेटवायची तयारी, खुंट्या तासणं, ही कामं रोजची, आणि त्या सगळ्यांत जाडी आडवी येते.

माझ्या मते दणकट कामासाठी ३/१६ इंच पुरेसं आहे. ईएसईई कंपनीची ईएसईई-६ त्याचं उत्तम उदाहरण. ६.५ इंच पातं, साधं १०९५, मायकार्टाची (कापड आणि राळ दाबून केलेली) मूठ, वजन ३४० ग्रॅमच्या आसपास. छाटायला बऱ्यापैकी, फोडायला चांगली आणि बारीक कामातही हाताला त्रास देत नाही. फेल्क्निवेनची ए१ ही दुसरी. १६० मिमी पातं, ६ मिमी जाडी, म्हणजे कागदावर जाडच. पण तिची धार कॉन्व्हेक्स, दोन्ही बाजूंनी फुगीर उतरत आलेली, त्यामुळे फोडताना लाकूड बाजूला सरतं आणि पातं चिकटून बसत नाही. जाडीचा आकडा एकटा घेऊन काही कळत नाही, तो धारेपर्यंत कसा उतरत आणलाय ते बघावं लागतं.

काळं_पोलाद

भूमितीबद्दल सहमत. पोलादाबद्दल थोडी भर घालतो, कारण जाडीचा आणि पोलादाचा संबंध आहे.

१०९५ हे साधं कार्बन पोलाद, त्यात कार्बन ०.९० ते १.०३ टक्के. अशा पोलादाला पाणी द्यायचं, म्हणजे कठीण करायचं, तर तापवून फार झपाट्याने थंड करावं लागतं. पातं जितकं जाड तितका आतला भाग सावकाश थंड होतो आणि गाभ्यापर्यंत कठीणपणा पोचत नाही. क्रो-व्हॅनमध्ये चिमूटभर क्रोमियम आणि व्हॅनेडियम घालतात. क्रोमियममुळे पाणी खोलवर बसतं आणि व्हॅनेडियममुळे पोलादाचा कण बारीक राहतो. गाभा थोडा मऊ राहिला तर जड सुरीत ते वाईटही नाही, धार कठीण असली की झालं.

पाणी दिल्यावर पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून ते पुन्हा हलक्या आचेवर तापवून थोडं नरमवतात. ही पायरी कुठे थांबवली यावर सुरीचा स्वभाव ठरतो. ईएसईई १०९५ला ५५ ते ५७ एचआरसीवर (कठीणपणाचं रॉकवेल माप) ठेवते. ६० एचआरसीच्या सुरीइतकी तिची धार टिकत नाही, पण गाठीवर घाव बसला तर धार वळते, तुकडा उडत नाही. वळलेली धार रानात सरळ करता येते. खांडा पडला तर बरंच पोलाद घासून काढल्याशिवाय तो जात नाही. घाव घालायच्या सुरीला मी कायम कमी कठीणपणा आणि जास्त चिवटपणा निवडेन.

चिवटपणा आणि धार दोन्ही हवं असेल तर सीपीएम ३व्ही हे पोलाद आहे, मात्र ते महाग पडतं आणि रानात पाजळायला वेळ खातं. मला स्वतःला ८०सीआरव्ही२ जास्त आवडतं. ०.८ टक्के कार्बन, थोडं क्रोमियम, थोडं व्हॅनेडियम. चिवट, साध्या दगडावर पटकन लागतं. फिनलंडची तेरेवा स्क्रामा याच पोलादाची आहे.

एक धोक्याची गोष्ट सांगून ठेवतो. सुरी विद्युत ग्राइंडरवर पाजळताना धारेवर निळा रंग आला तर तिथलं पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं आणि नरम झालं असं समजा. पुढे कितीही घासा, तेवढा भाग निघून जाईपर्यंत धार टिकणार नाही. विस्तवात सुरीने निखारे हलवण्याची सवय असेल तर टोकाचंही हेच होतं.

एकटा_वाटसरू

दऱ्याखोऱ्या, तुमची तुलना छाटण्यापुरती बरोबर आहे, पण बीके२वर अन्याय होतोय. ती छाटायची सुरी नव्हेच. ती फोडायची सुरी आहे. ओंडक्यावर पातं ठेवून पाठीवर लाकडी सोटा मारत फोडायचं, म्हणजे बॅटनिंग, त्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. जाड पातं पाचरीचं काम करतं. पातळ पातं लाकडात शिरतं खरं, पण लाकूड उघडत नाही, मग शेवटपर्यंत ठोकत बसावं लागतं. बीके२ अर्ध्यात पोचते तोवर ओंडका दुभंगलेला असतो.

शिवाय माणूस दमलेला असतो, अंधार पडत आलेला असतो, पाऊस असतो. अशा वेळी सुरी नाजूकपणे वापरायचं भान राहत नाही. वेडावाकडा फटका पडला तरी चालेल अशी वस्तू हातात असली की मन शांत राहतं. माझ्यासाठी २.४ पट ताठपणाची किंमत तिथे आहे.

मूठ मोठी आहे हे मात्र खरं. लहान हातांना ती जड जाते.

सुतारपक्षी

पाचर हवी तर पाचरच करा की! वाळलेल्या कठीण फांदीचे दोन तुकडे घ्या, सुरीने एका टोकाला उतार द्या, झाल्या दोन पाचरी. सुरीने ओंडक्याच्या डोक्यावर चीर पाडायची, चिरेत पाचर बसवायची, ठोकायची. चीर पुढे सरकली की दुसरी पाचर बाजूने. पात्याच्या लांबीपेक्षा जाड ओंडकाही असा फुटतो. हे काम चार इंची सुरीने होतं आणि सुरीवर जवळपास काहीच ताण येत नाही.

मी मोराक्निव्हची गारबर्ग वापरते. १०९ मिमी पातं, ३.२ मिमी जाडी, १४सी२८एन स्टेनलेस. २०१६ साली आली, मोराची ही पहिली फुल टँग, म्हणजे पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेली, सुरी. धार स्कँडी, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच रुंद सपाट उतार, थेट धारेपर्यंत. तो उतार लाकडावर टेकवला की पातं आपोआप योग्य कोनात बसतं. तासताना इतका ताबा मला कुठल्याही जाड सुरीत मिळाला नाही. पाजळतानाही तोच उतार दगडावर सपाट टेकवायचा, कोन शोधत बसावं लागत नाही.

पाठीची कड काटकोनात घासलेली आहे. फेरो रॉड, म्हणजे ठिणग्या पाडायची कांडी, ओढायला ती कड फार महत्त्वाची. लेप चढवलेल्या, गोलसर पाठीच्या सुरीने ठिणग्या नीट पडत नाहीत. तशी सुरी असेल तर पाठीचा मुठीजवळचा इंचभर भाग कानशीने काटकोनात घासून घ्या, लेप निघू द्या. धारेच्या बाजूने रॉड कधीच ओढू नका.

नवी_पायवाट

वाचून ज्ञानात भर पडतेय, पण गोंधळही वाढलाय. मी पहिलीच फिक्स्ड ब्लेड घेणार आहे. हात लहान आहेत. डोंगरात दोन-तीन मुक्काम, कधी पावसात. एवढ्यासाठी काय घ्यावं? आणि फुल टँग नसलेली सुरी अजिबात घेऊ नये असं सगळीकडे वाचते, ते खरं आहे का?

काळं_पोलाद

फुल टँगबद्दल आधी. टँग म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग. फुल टँगमध्ये तो मुठीच्या पूर्ण आकाराचा असतो, स्टिक टँगमध्ये अरुंद दांड्यासारखा. स्टिक टँग म्हणजे कमकुवत हे सरसकट खरं नाही. उत्तर युरोपातल्या पुक्को आणि ल्यूकू या पारंपरिक सुऱ्या पिढ्यान्‌पिढ्या तशाच बनतात. अमेरिकी मरीन्सने १९४२ साली स्वीकारलेली ७ इंची का-बारही स्टिक टँगचीच.

मोडते कुठे, ते बघायचं. पातं संपून टँग सुरू होतं तिथला कोपरा टोकदार, चौकोनी काढला असेल तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि तडा तिथूनच जातो. कोपरा गोलाई देऊन काढला असेल तर अरुंद टँगही खूप सोसतं. पोकळ मुठीच्या, पाठीवर करवतीचे दात असलेल्या दिखाऊ सुऱ्या टाळाव्यात त्या याच कारणाने. त्यांत टँग बोटभरही नसतं, आणि पाठीच्या प्रत्येक दाताच्या खाचेत तडा जायला जागा तयार असते.

तुमच्यासाठी: पावसात फिरणार असाल आणि सुरीची निगा ठेवायची सवय अजून नसेल तर स्टेनलेस घ्या. १०९५ला घामाचा किंवा पावसाचा ओलावा तसाच राहिला तर एका रात्रीत तांबूस डाग येतात. लेप असला तरी तो पात्याच्या अंगाला असतो, धार उघडीच राहते आणि गंज आधी धारेलाच खातो. १४सी२८एनमध्ये सुमारे १४ टक्के क्रोमियम आहे, पुसून ठेवलं की भागतं.

दऱ्याखोऱ्या

नवी_पायवाट, तुम्ही बरोबर आणखी काय नेणार त्यावर सुरी ठरवा. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच येतं.

घडीची करवत, ७-८ इंच पात्याची, पाव किलोपेक्षा हलकी असते. मनगटाएवढं लाकूड ती जितक्या वेळात आणि जितक्या कमी श्रमात कापते, तितकं कुठलीही सुरी करू शकत नाही. करवत बरोबर असली की सुरीकडून छाटणीची अपेक्षाच उरत नाही, मग ४ ते ५ इंचांचं पातं भरपूर झालं. गारबर्ग किंवा फेल्क्निवेन एफ१. एफ१चं पातं ९७ मिमी, जाडी ४.५ मिमी. स्वीडिश हवाई दलाने १९९५ साली वैमानिकांच्या बचावसंचासाठी हीच निवडली. बचावाची सुरी म्हणजे भलंमोठं पातं, असं त्यांनाही वाटलं नाही.

करवत नाही, कुऱ्हाड नाही, फक्त सुरी, असं असेल तरच ६ इंचांच्या पुढे जा. मग तिथे ईएसईई-६ किंवा ए१. आणि सतत छाटायचंच असेल तर ९ इंची पातं, बीके९ किंवा स्क्रामा.

एकटा_वाटसरू, दमल्यावर वेडावाकडा फटका पडतो हे अगदी मान्य. पण बीके२च्या पाचरीचा कोन मांडून बघा. पात्याची उंची ४० मिमी धरली आणि पाठीपासून सरळ उतार धरला, तर ६.३५ मिमीला सुमारे ९ अंश आणि ४.७६ मिमीला ७ अंशांच्या आत. लाकूड दुभंगायला ७ अंशही बहुतेक वेळा पुरतात. ते दोन अंश मात्र चिरताना, तासताना, प्रत्येक कापात भारी पडतात.

एकटा_वाटसरू

सरळ धाग्याच्या लाकडाला ७ अंश पुरतात. पीळ असलेल्या, गाठींच्या लाकडाला नाही, आणि रानात हवं तसं सरळ लाकूड मिळतंच असं नाही. पण करवतीचा मुद्दा मान्य. करवतीने गाठींच्या मधला सरळ भाग कापून घेता येतो, मग फोडायला जाड पातं लागत नाही.

सुतारपक्षींची पाचरीची युक्तीही करून बघणार.

हिमरेषा

कडाक्याच्या थंडीत फिरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. थंडीत पोलाद ठिसूळ होतं, आणि गोठलेलं लाकूड फार कठीण असतं. एरवी धार निभावून नेते त्याच गाठीवर शून्याखाली खांडा पडू शकतो. सुरी काही वेळ अंगाजवळ, कपड्यांच्या आत ठेवून मग जड काम सुरू करावं. घाव घालताना कोन जरा मोठा ठेवावा आणि गाठी टाळाव्यात.

दुसरं म्हणजे मूठ. बऱ्याच फुल टँग सुऱ्यांत पोलादाची कड मुठीच्या दोन्ही अंगांनी उघडी असते, ती हाताला चटका देते. रबरी किंवा थर्मोरनसारख्या रबरसदृश प्लास्टिकची, टँगभोवती पूर्ण वेढलेली मूठ असेल तर हातमोजे ओले झाले तरी काम करता येतं. ए१ आणि एफ१ मला त्यासाठीच आवडतात. मायकार्टा भिजल्यावर उलट पकड चांगली देतं, पण उघड्या कडेचा प्रश्न राहतोच.

निशिगंध

सगळं पोलादाबद्दल चाललंय म्हणून हे लिहिते. बॅटनिंग करणाऱ्यांनी ओंडका मांड्यांच्या मध्ये धरू नये. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. तिथे खोल जखम झाली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो आणि रानात मदत तितक्या लवकर पोचत नाही. एका गुडघ्यावर बसा, ओंडका शरीराच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. तासताना कोपर गुडघ्याच्या पुढे जाऊ द्या, म्हणजे पातं निसटलं तरी हवेत जाईल.

जड सुरीने छाटताना चुकलेला घाव कुठे जाईल ते घाव घालायच्या आधी बघा. टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) आणि दाबपट्टी पिशवीच्या तळाशी न ठेवता एका हाताने सापडेल अशा जागी ठेवा. दोन्ही वापरायला शिकूनच निघा.

सुतारपक्षी

निशिगंध, फार बरं झालं लिहिलंत. बॅटनिंगचं थोडं बारकाईने सांगते, कारण सुऱ्या मोडतात त्या बहुतेक चुकीच्या ठोकण्याने.

ओंडक्याची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा किमान दोन बोटं कमी हवी, म्हणजे टोक पलीकडे बाहेर राहतं. डोक्यावर आधीच बारीक तडा असेल तर त्या रेषेत पातं ठेवा. पाठीवर आधी हलके फटके, पातं पूर्ण आत गेलं की बाहेर आलेल्या टोकावर मारा, आणि मुठीचा हात त्याच वेळी पातं आडवं, समतोल राहील इतपत खाली दाबून धरा. टोक खाली आणि मूठ वर असं पातं तिरपं होत गेलं की सगळा जोर मुठीच्या सांध्यावर येतो. पातं अडकलं तर पिळू नका, हलवून ओढू नका. चिरेत पाचर ठोका, लाकूड उघडेल आणि सुरी सुटेल. ठोकायला लाकूडच. दगड किंवा हातोडा पाठीवर मारला तर पोलादावर पोलाद-दगडाचा मार बसतो, त्यातून कपचीही उडते.

नवी_पायवाट

सगळ्यांचे आभार. गारबर्ग आणि घडीची करवत असं ठरवलं. दुकानात जाऊन गारबर्ग आणि एफ१ दोन्ही हातात धरून बघितल्या, एफ१ची मूठही छान बसली, पण स्कँडी उतार शिकायला सोपा वाटला. आता म्यान कातडी घ्यावं की प्लास्टिकचं? आणि पाजळायला बरोबर काय न्यायचं?

काळं_पोलाद

पावसात प्लास्टिकचंच. कातडं ओलावा धरून ठेवतं आणि सुरी त्यात दिवसभर राहिली की स्टेनलेसवरही डाग येऊ शकतात. प्लास्टिकच्या म्यानात वाळूचे कण अडकतात आणि सुरी आत-बाहेर करताना पात्यावर ओरखडे उठतात, म्हणून मधूनमधून धुवा. तळाला पाणी निघून जायला भोक आहे ना ते तपासा. उलटं धरून झटकलं तरी सुरी सुटता कामा नये.

पाजळायला हिऱ्याच्या कणांचा लेप असलेला छोटा दुहेरी पत्रा पुरे, एक बाजू जाड, एक बारीक. उतार सपाट टेकवून एका बाजूने घासत जा. धारेच्या पलीकडे पोलादाची बारीक कड उलटते, अंगठा धारेपासून बाहेरच्या दिशेने हळूच सरकवला की ती खरखर लागते. पूर्ण लांबीभर ती लागली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर अगदी हलक्या हाताने आलटूनपालटून फिरवा आणि कातडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढा. निव्वळ स्कँडी धार फार पातळ असते, गाठीवर वळते. तिला शेवटी जरा मोठ्या कोनात दोन-तीन हलके हात द्या, टिकते.

दऱ्याखोऱ्या

चांगली जोडी आहे. पात्याची लांबी आणि सुरी बाळगणं यावर देशोदेशी वेगवेगळे नियम आहेत, जिथे जाणार तिथले आधी बघून घ्या. विमानात सुरी चेक-इन सामानातच टाकावी लागते, हातातल्या पिशवीत चालत नाही.

रानात जाण्याआधी घरच्या अंगणात वाळलेल्या लाकडाच्या फेदरस्टिक करत बसा. ढलपी तुटत असेल तर बहुतेक वेळा कोन जास्त झालेला असतो. पातं थोडं सपाट करा, कोपर ताठ ठेवा आणि हात न हलवता खांद्याने ढकला. काठी उभी, टोक जमिनीवर टेकवलेलं. ढलपी तुटायची थांबली की प्रत्येक वेळी काठी किंचित फिरवा, म्हणजे नवी ढलपी आधीच्या ढलपीच्या कडेवरून निघते आणि जास्त पातळ येते.